भाड्याची मोटार आणि न विचारलेले प्रश्न

आमच्या लहानपणीं घरांतील मंडळी परगांवीं निघाली म्हणजे दारांत टांगा येऊन उभा राही. सामान चढविण्यापूर्वीं वडील टांगेवाल्याजवळ जाऊन तीन गोष्टी विचारीत : स्टेशनापर्यंत काय घेणार, सामानाचे पैसे निराळे कीं त्यांतच, आणि वाटेंत कोठें थांबावें लागलें तर त्याचें काय. टांगेवाला उत्तर देई, वडील मान हालवीत आणि मगच आईला बाहेर येण्याची खूण होई. रुपया-आठ आण्यांच्या व्यवहारास एवढी प्रस्तावना कशाला, असें आम्हां मुलांस वाटे व थोडा संकोचहि होई. पण स्टेशनावर उतरल्यावर वडिलांचें कोणाहि टांगेवाल्याशीं भांडण झालेलें आम्हांस आठवत नाहीं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे, हें ध्यानांत यावयास मात्र आम्हांस साठी ओलांडावी लागली. आणि तीहि एका भाड्याच्या मोटारीचे अठरा हजार नऊशें साठ रुपये मोजून झाल्यावर!

आज घरोघर मोटारी झाल्या आहेत. तरीहि एकत्र कुटुंबांतील लहानथोर माणसें एकदम निघालीं कीं घरची गाडी अपुरी पडते. कुलदेवतेचें दर्शन, मुंज, लग्नकार्य, सुट्टींतील कोकण. अशा प्रसंगीं भाड्याच्या मोटारीवांचून गत्यंतर राहात नाहीं. या व्यवहारांत आमच्या हातून जी चूक झाली ती वाचकांपुढें मांडावी, असें मनांत आलें. चूक पैशाची होती, तशीच ती दुसऱ्याहि एका प्रकारची होती. म्हणून दोन्हीं सांगतों.

आमची अष्टविनायक यात्रा

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, त्यांचें वय आतां ब्यायशीं आहे. अष्टविनायक एकदां करावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा. गेल्या मार्गशीर्षांत आक्का, थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या आणि सूनबाई अशा सहा जणांचें जाणें ठरलें. गाडी ठरविण्याचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. चाळीस वर्षें मुलांना संधि-समास शिकविलेल्या माणसास एक मोटार ठरविणें काय अवघड, असा आमचा समज होता. एका भाडेवाल्यास फोन केला. तो म्हणाला, "सात आसनांची गाडी, अठरा रुपये किलोमीटर." आम्हीं म्हटलें, "बरें आहे." संभाषण तेथेंच संपलें.

पहिल्या दिवशीं पहांटे पांच वाजतां पुण्याहून निघून मोरगांव, सिद्धटेक, थेऊर हीं तीन स्थानें केलीं, आणि घाट उतरून महड व पाली गांठली. मुक्काम पालीस झाला. दुसऱ्या दिवशीं लेण्याद्रि, ओझर आणि शेवटीं रांजणगांव. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या आक्कांना डोलींतून चढवाव्या लागल्या, त्यांत वेळ गेला. रांजणगांवीं दर्शन झालें तेव्हां रात्रीचे आठ वाजले होते. ड्रायव्हर, पंचविशींतला एक शांत मुलगा, म्हणाला, "गुरुजी, आतां निघूं या. वाघोलीला गर्दी लागते." पण मंडळींना भूक लागली होती, भोजनगृह समोर होतें, आणि आठहि गणपति झाल्याचें समाधान असें कीं कोणास उठावेंसें वाटेना. त्यानें पुन्हां एकदां येऊन सांगितलें. आम्ही म्हणालों, "घाई कशाची?" पावणेदहास निघालों. वाघोलीस कोंडी लागली ती लागलीच. कोथरुडांत घरीं पोंचलों तेव्हां घड्याळांत अकरा वाजून चाळीस मिनिटें झालीं होतीं. दिवस उलटण्यापूर्वीं घरीं आलों म्हणून आम्ही समाधानानें निजलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच मुलगा बिल घेऊन आला. घरीं चहा चालला होता, त्यालाहि दिला. मोटारीच्या आंकड्यांप्रमाणें आमचा प्रवास ६४२ किलोमीटर झाला होता. अठरानें गुणून ११,५५६ रुपये काढून ठेवले होते. बिल होतें १८,९६० रुपयांचें. आमचा तोल गेला. सर्वांच्या देखत आम्हीं त्या मुलास म्हटलें, "मुद्दाम गाडी रेंगाळवलीस आणि बारा वाजवलेस!" तो कांहीं बोलला नाहीं. आक्कांची चष्म्याची पेटी गाडींत राहिली होती, ती त्यानें खिशांतून काढून टेबलावर ठेवली, पैसे घेतले आणि निघून गेला. पुढें ठेवलेला चहा तसाच राहिला.

हिशेबाची उकल

राग निवळल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलों. बिलांत लबाडी अशी कोठेंच नव्हती. त्यांतील प्रत्येक रक्कम त्या धंद्याच्या रूढ रीतीला धरून होती. आम्हांसच ती रीत ठाऊक नव्हती, आणि आम्हीं ती विचारली नव्हती.

पहिली रीत अशी कीं, परगांवच्या भाड्यांत दर दिवसास किमान किलोमीटर ठरलेले असतात. बहुधा अडीचशें किंवा तीनशें. गाडी तितकी चालो वा न चालो, तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. आमच्या बाबतींत हा आंकडा तीनशें होता. दुसरी रीत, दिवस म्हणजे निघाल्यापासून चोवीस तास नव्हेत. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा दिनदर्शिकेंतील दिवस, असें पुष्कळ भाडेवाले मानतात. तिसरी रीत, प्रवास आपल्या दारापासून मोजत नाहींत, गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. आमच्या गाडीचें गॅरेज पिंपरीच्या बाजूस चौदा किलोमीटरांवर होतें. म्हणजे जातां-येतां अठ्ठावीस किलोमीटर वाढले आणि एकूण ६७० झाले. यापेक्षांहि नडलें तें हें कीं, आम्ही घरीं ११.४० ला उतरलों तरी गाडी गॅरेजांत पोंचली १२.२० ला. त्या वीस मिनिटांनीं तिसरा दिवस लागला. तीन दिवसांचे किमान नऊशें किलोमीटर, त्यांचे १६,२०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा चारशें, तीन दिवसांचा १,२०० रुपये. या दोहोंवर शेंकडा पांच प्रमाणें वस्तु व सेवा कर ८७० रुपये. टोल आणि गाडी उभी करण्याचे मिळून ६९० रुपये. बेरीज अठरा हजार नऊशें साठ!

आतां हाच प्रवास नीट ठरवून केला असता तर काय झालें असतें? ६७० किलोमीटरांचे १२,०६०, दोन दिवसांचा भत्ता ८००, कर ६४३ आणि टोल वगैरे तेच ६९० : एकूण १४,१९३ रुपये. वाचकांनीं या तीन आंकड्यांकडे लक्ष द्यावें. आम्हीं मनांत धरले होते ११,५५६, लागावयास हवे होते १४,१९३, दिले १८,९६०. पहिल्या दोन आंकड्यांतील २,६३७ रुपयांचा फरक हा अनावश्यक खर्च नव्हे. तो योग्यच खर्च होता. आमच्या हिशेबांत नव्हता इतकेंच. खरा वायां गेलेला पैसा म्हणजे पुढचे ४,७६७ रुपये, आणि ते रांजणगांवच्या भोजनगृहांत पाऊण तास अधिक बसल्याबद्दल गेले. योग्य पण अनपेक्षित खर्च आणि अनावश्यक खर्च, या दोहोंत आपण भेद करीत नाहीं, आणि दोहोंचाहि राग समोरच्या माणसावर काढतों. आमचें तेंच झालें.

आधीं काय विचारावें

पहिला प्रश्न दिवसाचा : आपला दिवस चोवीस तासांचा कीं मध्यरात्रींचा, आणि तो कोठून कोठपर्यंत? रात्रीं दहा वाजतां कोकणांत निघणाऱ्या मंडळींनीं तर हा अवश्य विचारावा. नाहीं तर त्या दोन तासांसाठीं एक सबंध दिवस बिलांत चढतो. त्यापेक्षां पहांटे चारला निघावें. झोप तेवढीच होते आणि ड्रायव्हरहि ताजा असतो.

दुसरा प्रश्न किमान किलोमीटरांचा, आणि ते सर्व दिवसांचे एकत्र धरणार कीं रोजचे वेगळे? एकत्र धरले तर एका दिवशींचा जास्त प्रवास दुसऱ्या दिवशींच्या विश्रांतींत जिरतो. वेगळे धरले तर नाहीं. ज्या प्रवासांत दोन-तीन दिवस एकाच गांवीं राहावयाचें असतें त्यांत तर गाडी जवळ ठेवणेंच तोट्याचें होतें. समजा, चार दिवस गणपतिपुळ्यास जावयाचें आहे आणि मधले दोन दिवस समुद्रकांठींच काढावयाचे आहेत. गाडी अंगणांत उभी असतांहि चार दिवसांचे बाराशें किलोमीटर, म्हणजे अठराच्या दरानें २१,६०० रुपये चढतात. तेथें जाण्यापुरती एक गाडी आणि परतण्यापुरती दुसरी ठरवावी. पण एकेरी प्रवासाचें म्हणून जें भाडें सांगतात त्यांत गाडी रिकामी परतण्याचा आकार धरला आहे कीं नाहीं, तें स्पष्ट विचारावें. मुंबईच्या मंडळींना तर कोकण रेल्वेनें रत्नागिरीस उतरून तेथील स्थानिक गाडी करतां येते.

तिसरा प्रश्न गॅरेजचा. जवळच्या गॅरेजची गाडी एखादा रुपया महाग असली तरी पुष्कळदां स्वस्त पडते. आमचे अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे ५०४ रुपये होते, आणि तिसरा दिवसहि त्यांनींच लावला.

चौथा प्रश्न भत्त्याचा : रोजचा किती, रात्रींचा निराळा आहे काय, आणि रात्र कितीपासून कितीपर्यंत धरतां? पांचवा प्रश्न टोल, पार्किंग आणि परराज्यांतील कराचा. हे भाड्यांतच आहेत कीं निराळे? निराळे असल्यास पावत्या मागाव्या. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर टोल फास्टॅगनें जातो, त्यामुळें हातांत कागद पडत नाहीं. परंतु गाडीच्या मालकाच्या फोनवर प्रत्येक नाक्याचा संदेश येतो. तो पाहावयास मागण्यांत अपमान कोणाचाच नाहीं. गोवा किंवा कर्नाटकांत जावयाचें असेल तर गाडीस अखिल भारतीय प्रवासी परवाना आहे कीं नाहीं हेंहि आधींच विचारावें. सीमेवर उभें राहून विचारूं नये.

सहावा प्रश्न : सांगितलेला दर कर धरून कीं कराव्यतिरिक्त? आणि सातवा : बेत रद्द झाला, किंवा वाटेंत गाडी बिघडली, तर काय? घाटांत वातानुकूलन बंद ठेवणार असल्यास तेंहि आधींच कळावें; वृद्धांना व लहान मुलांना त्याचा त्रास होतो.

या सातांचीं उत्तरें फोनवर ऐकून सोडून न देतां व्हॉट्सॲपवर लिहून मागवावीं. लिहिलेला शब्द दोघांनाहि बांधतो, आणि दोघांचेंहि रक्षण करतो. निघतांना व परततांना गाडीच्या किलोमीटरच्या आंकड्यांचें छायाचित्र घ्यावें. ड्रायव्हरच्या कागदावर वेळ आणि आंकडा भरल्याशिवाय सही करूं नये.

भातांतील एक शीत चांचपून सारा भात शिजला कीं नाहीं हें कळतें. यास आमच्या शास्त्रांत स्थालीपुलाकन्याय म्हणतात. हा न्याय भाड्याच्या मोटारीस मात्र लागू पडत नाहीं. किलोमीटरचा दर हें एक शीत आहे. त्यावरून बिलाची परीक्षा होत नाहीं. एक जण सोळा रुपये दर सांगतो आणि दिवसास किमान साडेतीनशें किलोमीटर धरतो. दुसरा सतरा सांगतो व अडीचशें धरतो. आमच्या ६४२ किलोमीटरांच्या दोन दिवसांस पहिल्याचे ७०० किलोमीटरांचे ११,२०० होतात, दुसऱ्याचे १०,९१४. स्वस्त वाटला तो महाग पडला. म्हणून दर विचारूं नये, आपला सबंध प्रवास सांगून सबंध बिलाचा अंदाज विचारावा.

स्वतः हांकण्याची मोटार

घरांतील तरुण मंडळी आतां ड्रायव्हरवांचून नुसती गाडीच भाड्यानें घेतात. गोव्यांत तर हा प्रकार फार. आमच्या पुतण्यास याचा अनुभव आहे, त्याच्या सांगण्यावरून थोडें लिहितों.

प्रथम गाडीची पाटी पाहावी. भाड्यानें देऊन घेणाऱ्यानेंच हांकावयाच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरें पिवळीं असतात. ड्रायव्हरसह भाड्यानें मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरें काळीं. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें म्हणजे खासगी गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं अशा भाड्याच्या धंद्यासाठीं १९८९ मध्यें स्वतंत्र योजना झाली आहे. खासगी गाडी भाड्यानें देणें तींत बसत नाहीं. ती दोनशें रुपयांनीं स्वस्त मिळते हें खरें; पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करूं शकते, आणि मग दोनशें रुपयांची बचत दोन लाखांस पडते.

गाडी ताब्यांत घेतांना तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी व छायाचित्रें काढावीं : ओरखडे, कांचा, चाकें, आंतील बैठका, किलोमीटरचा आंकडा आणि इंधनाचा कांटा. परत देतांना पुन्हां तसेंच करावें. अनामत रकमेवरून होणारीं निम्मीं भांडणें या पांच मिनिटांनीं टळतात. जितक्या इंधनानिशीं गाडी घेतली तितक्यानेंच परत द्यावयाची, असा करार असतो. अशा वेळीं शेवटच्या दिवशीं टाकी भरून देणें म्हणजे मालकास दान देणें होय. नुकसान झाल्यास विमा असूनहि आपण किती सोसावयाचें, टायर आणि गाडीचा तळ विम्यांत येतात काय, ठरलेल्या किलोमीटरांपलीकडे काय दर, उशीर झाल्यास तासाला किती, हें वाचून मगच सही करावी. गाडी घेतल्याची व दिल्याची तारीख-वेळ लिहून ठेवावी. कारण वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड कित्येकदां मागाहून येतो, आणि तो आपला कीं पुढच्या भाडेकऱ्याचा हें त्या वेळेवरूनच ठरतें.

जेथें काटकसर करूं नये

हें सर्व लिहिल्यावर एक गोष्ट न सांगितली तर लेख अपुरा राहील. त्या बिलांतील एका रकमेबद्दल आम्हांस आतां राग नाहीं, लाज आहे. ती म्हणजे ड्रायव्हरच्या भत्त्याची.

पहिल्या दिवशीं आम्ही पहांटे पांचला निघून रात्रीं नवाला पालीस पोंचलों. म्हणजे तो मुलगा सोळा तास कामावर होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यांत कामाचा दिवस आठ तासांचा सांगितला होता. आम्हीं खोल्या घेतल्या. तो कोठें निजला हें विचारलेंहि नाहीं. तो गाडींतच निजला होता, हें सूनबाईनें मागाहून सांगितलें. अशा अर्धवट झोपेवर सहा माणसांचा, त्यांत एका ब्यायशीं वर्षांच्या वृद्धेचा, जीव सोंपवून आम्ही दुसऱ्या दिवशीं निर्धास्त डुलक्या घेतल्या. येथें वांचविलेला पैसा हा वांचलेला पैसा नव्हेच. मुक्कामाच्या ठिकाणीं ड्रायव्हरला निजण्यास जागा आहे कीं नाहीं हें आपण विचारावें, नसेल तर खाट व पांघरूण द्यावें, जेवणाच्या वेळीं त्यालाहि वेळ द्यावा, आणि दोन दिवसांचा प्रवास दोन दिवसांत कोंबण्यापेक्षां तीन दिवसांचा आधींच ठरवावा. आमच्याच बिलावरून पाहा : तिसऱ्या दिवसाचे पैसे आम्हीं भरलेच, पण तो दिवस मात्र आम्हांस मिळाला नाहीं. आक्कांना एक रात्र ओझरला विसांवा मिळाला असता आणि त्या मुलाला झोप.

बिल भरलें त्या दिवशीं दुपारीं आक्कांनीं आम्हांस जवळ बोलावलें. "पैसे गेले त्याचं मला कांहीं नाहीं," त्या म्हणाल्या, "पण त्यानं दोनदां येऊन सांगितलं होतं. बसूं या अजून, असं मीच म्हटलं. तूं त्याला लबाड ठरवलंस. आतां त्याला फोन कर."

फोन केला. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या शाईनें खुणा केल्या, त्यामुळें स्वतःची चूक तोंडानें सांगणें फार जड गेलें. तो म्हणाला, "असूं दे, गुरुजी. बिल बघून सगळेच रागावतात." हें त्याचें उत्तर आम्हांस कोणत्याहि रागापेक्षां अधिक लागलें. सगळेच रागावतात, कारण सगळेच आधीं विचारीत नाहींत. आणि जो दारांत उभा असतो त्याला तें ऐकून घ्यावें लागतें.

पुढें चैत्रांत जेजुरीस जाणें झालें. या वेळीं सातहि प्रश्न विचारले, उत्तरें लिहून घेतलीं, आणि तोच मुलगा यावा असें सांगितलें. बिल अंदाजापेक्षां साठ रुपयांनीं अधिक आलें, तें पार्किंगचें. दर्शन आटोपून झाडाखालीं डबे उघडले तेव्हां त्यालाहि पान मांडलें. जेवणें झाल्यावर त्यानें विचारलें, "गुरुजी, किती वाजतां निघावयाचं?"

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आक्का म्हणाल्या, "तूं सांगशील तेव्हां."